बंदर उघडणारा प्लासिदो

प्लासिदो होंतोमिन समुद्राकडे पाठ करून कधी बसत नसे. जेवतानासुद्धा नाही. त्याच्या दगडी घराचं दार डोंगराकडे होतं, कारण वादळं समुद्राकडून येतात आणि घरं बांधणारे आमचे वाडवडील शहाणे होते. पण प्लासिदोनं मागच्या जाड भिंतीत वीतभर भोक पाडून घेतलं होतं, आणि त्याच्यासमोर त्याचं बाकडं असायचं. बायको जिवंत होती तेव्हा म्हणायची, "माझ्याशी बोलताना तरी माझ्याकडे बघ." तो बघायचा आणि हळूच परत भोकाकडे वळायचा.

अंगानं बुटका, खांद्यानं रुंद. डाव्या हाताची करंगळी दोरीत अडकून तरुणपणीच गेलेली. बोलणं मोजकं. बाजूच्या घरात भांडण लागलं तर तो मध्ये पडत नसे, पण उठून त्यांच्या दाराशी रताळ्यांची टोपली ठेवून येई, आणि भांडणारी माणसं ओशाळून गप्प होत.

मार्च ते मे, वर्षातले हे तीन महिने सोनेरी आरायु मासा देशाच्या उत्तर टोकाच्या आमच्या बातानेस बेटांजवळून जातो. तो चिरायचा, मीठ लावून उन्हात वाळवायचा, आढ्याला टांगायचा, आणि वादळाच्या महिन्यांत होडी पाण्यात घालता येत नाही तेव्हा रताळ्याबरोबर, कोनफळाबरोबर खायचा. तो नसेल तर ते महिने फार लांब होतात. पण मासा आला म्हणून कुणी उठून समुद्रावर जात नाही. आधी बंदर उघडावं लागतं. बंदर म्हणजे कड्याखालची गोट्यांची चिंचोळी जागा, आणि समोर खडकांमधून समुद्रात जाणारी एक वाट, दोन होड्या शेजारी मावणार नाहीत इतकी. हंगामाच्या पहिल्या दिवशी सगळे मासेकरी तिथे डुक्कर कापतात, समुद्राला त्याचा वाटा देतात, आणि सगळ्यांनी निवडलेला एक माणूस एकटा पहिल्यांदा त्या वाटेनं जातो. तो अंगानं आणि मनानं निर्मळ असावा लागतो. तो जसा जाईल तसा सगळ्यांचा हंगाम जातो. आमच्या बंदरात गेली नऊ वर्षं तो माणूस प्लासिदो होता.

माझी होडी त्याच्या होडीशेजारी असते. माझं नाव आबेल. नात्यानं तो माझा मारान, म्हणजे काका. पण गावातले सगळे तरुण त्याला मारानच म्हणत.

त्या वर्षी मार्चमध्ये रोग आला. आमच्याकडे नाही, मनिलात. विमानं थांबली, तांदळाचं जहाज थांबलं, आणि डुक्कर कापायला चार दिवस उरले असताना गावची कापिताना, म्हणजे सरपंच, रोसेन्दा हातात कागद घेऊन कड्यावर आली. आम्ही बारा मासेकरी तिथे दोऱ्या दुरुस्त करत बसलो होतो. रोसेन्दा म्हणजे प्लासिदोच्या चुलतभावाची मुलगी. तिचा बापही याच बंदरातला.

"वरून हुकूम आलाय," ती म्हणाली. "एका घरातून एकानंच बाहेर पडायचं. जमाव करायचा नाही. मासेमारी बंद."

"वरून म्हणजे आभाळातून का?" उर्बानोनं विचारलं. उर्बानोची जीभ त्याच्या गळाहून धारदार.

"मनिलातून."

"मग मनिलातल्या लोकांनी मासे मारू नयेत. आम्ही त्यांच्या आड येत नाही."

लोक हसले. प्लासिदो दोरीची गाठ आवळत होता. मान वर न करता त्यानं विचारलं, "रोसेन्दा, आमच्या एका होडीत माणसं किती?"

"एक."

"आणि दुसरी होडी किती लांब?"

"हाक ऐकू येणार नाही एवढी."

"तुझ्या कागदात किती अंतर लिहिलंय?"

"एक मीटर."

यावर तर मोठाच हशा झाला. रोसेन्दा तेवढी हसली नाही. कागदाची घडी घालत म्हणाली, "मारान, मला समुद्राची काळजी नाही. किनाऱ्याची आहे. होडी ढकलायला तुम्ही सहा जण एकमेकांच्या काखेत शिरता. एका टोपलीतून बारा जण डुक्कर खाता. एका करवंटीतून उसाची दारू पिता, आणि ती कुणी धुतलेली मी बापजन्मात पाहिली नाही. या गावात सत्तरीच्या वरची एकतीस माणसं आहेत. बेटावर दवाखाना एक. श्वासाची यंत्रं किती म्हणून विचारायला गेले होते. उत्तर ऐकल्यावर दुसरं काही विचारायचं सुचलं नाही."

हसणं थांबलं. 

"आणि तांदळाचं जहाज कधी येणार?" उर्बानोनं विचारलं.

"माहीत नाही."

"मग वादळात काय खायचं? तुझा हुकूम मीठ लावून वाळवायचा?"

रोसेन्दा बराच वेळ खालच्या गोट्यांकडे बघत उभी राहिली. तिच्या बापाची होडी त्याच जागी असायची. शेवटी म्हणाली, "बंदर उघडा. पण बाहेरून आलेलं माणूस ज्याच्या घरात आहे, किंवा अशा माणसाजवळ जो गेलाय, त्यानं खाली पाऊल टाकायचं नाही. एकानं मोडलं तर सगळं बंद, हंगाम संपेपर्यंत. हे मी माझ्या सहीनं लिहून देणार आहे. बोट माझ्याकडे दाखवतील, त्याचं काही नाही. पण आपली म्हातारी माणसं एकामागून एक जायला लागली तर मी कुणाकडे बोट दाखवू?"

बोलताना ती कुणाकडेच बघत नव्हती, पण आम्ही सगळे प्लासिदोकडे बघत होतो. त्याची मुलगी लेओनिला मनिलात एका कपड्यांच्या दुकानात होती. शेवटच्या विमानानं ती परत आली होती, आणि तिला चौदा दिवसांसाठी शाळेतल्या एका वर्गात ठेवलं होतं.

"मी शाळेकडे फिरकलेलो नाही," प्लासिदो म्हणाला.

ते त्या दिवशी खरं होतं.

तीन दिवस गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी डुक्कर कापायचं, आणि आदल्या दुपारी मी रताळ्यांच्या शेतातून येत होतो. माझी वाट शाळेवरून जाते. पाहतो तर शाळेच्या खिडकीपासून सहा पावलांवर प्लासिदो उभा. खिडकीच्या कठड्यावर त्यानं एक टोपली ठेवली होती आणि मागे सरून तो हाताची घडी घालून उभा होता, दुकानात गिऱ्हाईक उभं असतं तसा. मला बघून म्हणाला, "जेवत नाही म्हणे. परिचारिका सांगत होती."

टोपलीत कोनफळं होती, वाळका मासा होता, आणि पान, सुपारी, चुना होता. लेओनिला आतून टोपली रिकामी करत होती. तोंडावर कापड होतं ते तिनं हनुवटीखाली ओढलं.

"आमा," तिनं बापाला विचारलं, "तुझे विडे आता कोण करतं?"

"मीच."

"चुना जास्त घालत असशील. ओठ बघ कसे सोललेत."

आई गेली तेव्हा ती सात वर्षांची होती, आणि तेव्हापासून मनिलाला जाईपर्यंत बापाचा विडा तीच करायची. आताही तिनं पान मांडीवर पुसलं, चुना बोटानं लावला, सुपारीचा तुकडा ठेवला, घडी घातली आणि देठ दातानं तोडून बाजूला थुंकला. लहानपणापासून तिची तीच रीत. मग खिडकीतून हात लांब करून ती म्हणाली, "घे. मला एकटीला खाववत नाही."

सहा पावलं प्लासिदो कधी चालला ते त्यालाही कळलं नसावं. त्यानं विडा घेतला आणि तोंडात टाकला. तीनदा चावला. मग त्याचा जबडा थांबला, आणि त्यानं माझ्याकडे पाहिलं.

मुलीसमोर तो थुंकला नाही. तिच्याशी कोंबड्यांबद्दल, छपराच्या गवताबद्दल चार शब्द बोलला, आणि शाळेची भिंत ओलांडल्यावर वाकून सगळं बाहेर टाकलं. ओढ्यावर पुन्हा पुन्हा चुळा भरल्या. आम्ही गावाकडे निघालो तेव्हा तो माझ्यापासून पाच हात लांबून चालत होता.

"आबेल, तू काय बघितलंस?"

"काही नाही, मारान."

"बघितलंस."

 त्या रात्री मला झोप लागली नाही. बारा घरांचं वर्ष माझ्या जिभेवर होतं, आणि एकतीस म्हाताऱ्यांत माझी आईही होती.

सकाळी बंदरात प्लासिदो सगळ्यांत शेवटी उतरला. एका बाजूला, कड्यातल्या गुहेच्या तोंडाशी उभा राहिला. लोकांना वाटलं, पहिला जाणारा आहे, मनात काही म्हणत असेल. म्हाताऱ्या सेवेरोनं डुक्कर कापलं. बंदराचे सगळे विधी त्याच्याकडे. रक्त पाण्याच्या कडेला सोडलं, काळजाचा तुकडा समुद्राला दिला, बाकीचं मांस शिजायला ठेवलं. रोसेन्दा वर कड्यावर होती, हातात ध्वनिक्षेपक घेऊन. हंगामात बायका खाली उतरत नाहीत.

मग पहिल्या जाणाऱ्यानं दगडावर उभं राहून समुद्राला तीन गोष्टी सांगायच्या असतात. प्लासिदो दगडावर चढला.

"माझ्या अंगावर मरणाची सावली नाही," तो म्हणाला.

लाट आली आणि गेली.

"माझ्या घरात भांडण नाही."

तिसरी गोष्ट अशी, की माझ्यापासून इथल्या कुणाला अपाय नाही. नऊ वर्षं ती मी त्याच्या तोंडून ऐकली होती. एका दमात म्हणायचा. त्या दिवशी त्याचे ओठ उघडले आणि तसेच राहिले. माझ्या पायाखालचे गोटे गार लागत होते. मला वाटलं, म्हणून टाक. आणि त्याच वेळी वाटलं, म्हणू नकोस.

"हे मला म्हणता येत नाही," प्लासिदो म्हणाला. "काल मी लेओनिलाच्या हातचा विडा खाल्ला. देठ तिनं दातानं तोडला होता."

 मग उर्बानो पुढे आला. "विडा," तो म्हणाला. "लोकांची विड्यावर लग्नं जमतात, आणि हा विड्यावर हंगाम मोडतोय. पोरीला ताप आहे का? खोकला आहे?"

"नाही."

"मग गप्प बसायचं होतंस. एवढंही येत नाही तुला?"

"काल रात्रभर शिकत होतो," प्लासिदो म्हणाला. "नाही जमलं."

"दुसऱ्या कुणाला पाठवा," मागून कुणीतरी म्हणालं.

सेवेरोनं मान हलवली. "रक्त पाण्यात गेलंय. समुद्राला नाव याचं सांगितलंय. आज हा गेला नाही तर या वर्षी हे बंदर बंद. मी काही नवीन रीत काढू शकत नाही, बाबांनो, मला तेवढं डोकं नाही."

वरून ध्वनिक्षेपक खरखरला. तिनं सगळं ऐकलं होतं. कड्याखाली बोललेलं वर नीट ऐकू जातं.

"सगळे मागे सरा," रोसेन्दा म्हणाली. "मारान, सकाळपासून कुणाला हात लावलात?"

"नाही."

"काही खाल्लंत त्यांच्यात?"

"नाही. आबेल काल माझ्याबरोबर होता, पण लांब. त्याला विचार."

आता सगळे माझ्याकडे बघायला लागले. "पाच हातांवर," मी म्हणालो. उर्बानो माझ्याकडे बघून जमिनीवर थुंकला.

"मला जाऊ दे," प्लासिदो वर बघत म्हणाला. "परत आलो की घरी येणार नाही. या गुहेत राहीन, चौदा दिवस. पाणी माझं, भांडं माझं. उद्यापासून हे लोक जातील येतील, मी त्यांच्या वाटेत उभा राहणार नाही. मला बंद कर, बंदर नको."

"होडी कोण ढकलणार?"

 आमची होडी जड लाकडाची असते. ती गोट्यांवरून पाण्यात न्यायला सहा खांदे लागतात.

 मग रोसेन्दा म्हणाली, "एकट्याला ढकलता आली तर जा. कुणी हात लावला तर मी बंद करते. एक हात जरी लागला, तरी."

त्यानं आधी ओंडके मांडले, आडवे, पाण्यापर्यंत. त्यावर केळीच्या खांबांची सालं उलटी अंथरली, ती ओली असली की लोणी होतात. सगळं सावकाश, जणू भरपूर वेळ आहे. ओहोटी लागली होती. अजून थोडं पाणी उतरलं की वाटेतला खडक वर येतो, आणि मग त्या दिवशी कुणीच जाऊ शकत नाही.

पहिल्या वेळी होडी हातभर सरकली आणि थांबली. दुसऱ्या वेळी त्याचा पाय घसरला आणि तो गुडघ्यावर आपटला. आम्ही अकरा जण कड्याला पाठ लावून उभे होतो, मुठी आवळून. एवढ्या माणसांना एवढं निरुपयोगी उभं राहिलेलं मी पुन्हा कधी पाहिलं नाही. तिसऱ्या वेळी होडी निघाली, पण तिरकी, नाक डाव्या खडकाकडे. माझे पाय आपोआप पुढे गेले. सेवेरोनं आपली काठी माझ्या छातीशी आडवी धरली.

"उभा राहा," तो म्हणाला. "तू गेलास तर त्यानं उगाच तोंड उघडलं असं होईल."

प्लासिदो होडीच्या मागून धावत खडकाच्या बाजूला गेला, आणि होडी व खडक यांच्यामध्ये स्वतः उभा राहिला. पाठ खडकाला, दोन्ही तळवे होडीला. लाट आली. होडी त्याच्या अंगावर आली आणि तो दिसेनासा झाला. मी मोजत नव्हतो, पण उर्बानो मोजत होता, पुटपुटत, आणि सहावर तो थांबला, कारण लाट मागे फिरली आणि तिच्याबरोबर होडी सरळ झाली, आणि होडीच्या कडेला करंगळी नसलेला एक हात दिसला. पुढच्या लाटेपूर्वी तो आत होता. वल्ही दोनदा बुडाली, आणि होडी खडकांमधून बाहेर पडली.

उर्बानो खाली बसला. "खेकडा आहे म्हातारा," तो म्हणाला. "नुसता खेकडा."

दिवसभर आम्ही तिथेच बसलो. मांस शिजलं, कुणी हात लावला नाही. आधी तो उडता मासा पकडणार, मग तो जिवंत गळाला लावून आरायुची वाट बघणार. एकट्यानं, खरचटलेल्या पाठीनं. ऊन कलायला लागलं तेव्हा होडी दिसली. परत येणंही त्याला एकट्यालाच होतं. त्यानं मोठ्या लाटेची वाट पाहिली आणि तिच्यावर बसून सरळ गोट्यांवर आला. होडीची एक फळी तडकली, ते आम्हाला कड्यापाशी ऐकू आलं. मग त्यानं एक आरायु उचलून दाखवला. एकच, पण त्याच्या छातीएवढा, मरताना रंग बदलणारा, सोनेरीचा हिरवा, हिरव्याचा राखी.

आणि आता नवीनच पेच. पहिला मासा त्याच दिवशी सगळ्या मासेकऱ्यांनी खाल्ला तरच बंदर उघडलं. आणि हा मासा त्याच्या हातातला होता.

प्लासिदोनं तो खाऱ्या पाण्यात धुतला, सपाट दगडावर ठेवला आणि गुहेकडे मागे गेला. कुणी पुढे सरेना. सकाळी तोंड टाकणारा उर्बानोसुद्धा माशाकडे बघत डोकं खाजवत होता.

"कापिताना," सेवेरोनं वर हाक मारली. "काय करू?"

"मला काय माहीत," रोसेन्दा म्हणाली. ध्वनिक्षेपक तोंडाशी नव्हता, त्यामुळे तिचा आवाज बारीक आला. मग थोड्या वेळानं ध्वनिक्षेपकातून म्हणाली, "उकळा. तासभर उकळा. आणि पहिला तुकडा वर पाठवा."

तासभर उकळलेला आरायु कसा लागतो हे कुणाला माहीत नसेल तर माहीत नसलेलंच बरं. त्याचा लगदा झाला. दोरीला टोपली बांधून सेवेरोनं तिचा वाटा वर पाठवला. आम्ही माना वर करून बघत होतो. तिनं तोंडावरचं कापड काढलं. खाल्लं. बोटं चाटली नाहीत, पण टोपली रिकामी खाली आली.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली.

मग आम्ही खाल्लं, प्रत्येकानं आपापल्या पानावर, हातभर अंतर सोडून. प्लासिदोचा वाटा त्याच्या दगडावर ठेवला, आणि आम्ही मागे झाल्यावर त्यानं तो उचलला. समुद्राकडे तोंड करून खाल्ला.

दुसऱ्या दिवशी उजाडताना अकरा होड्या गेल्या. चौघांनीच ढकलल्या, तोंडं बांधून, एकमेकांवर ओरडत. हुकूम बरोबर होता की आम्ही, याचा वाद गावात पुढे महिनाभर चालला, आणि मला विचाराल तर दोन्ही बाजूंनी जरा जरा बरोबर होतं. प्लासिदोला एकट्याला त्या चौदा दिवसांत पाचच वेळा होडी पाण्यात घालता आली. उरलेल्या दिवशी तो गुहेसमोरच्या दगडावर बसायचा आणि आम्ही निघताना हात वर करायचा: थांब, थांब, आता. त्याचा हात खाली आल्याशिवाय आमच्यातला कुणी होडी सोडत नसे. सातव्या दिवशी त्याला कणकण आली असं मला वाटलं, आवाज बसला होता, पण विचारलं तेव्हा म्हणाला, "गुहेत ओल आहे." तपासायची सोय नव्हती. गावात कुणी आजारी पडलं नाही. लेओनिला शाळेतून बाहेर आली ती कड्यावर येऊन बसायची, आणि बापाशी वरून खाली मोठ्यानं बोलायची, कोंबड्यांबद्दलच.

पंधराव्या दिवशी पहाटे आम्ही खाली उतरलो तेव्हा तो होडीपाशी तयार होता. मी, उर्बानो आणि आणखी चौघं पुढे गेलो. त्यानं सवयीनं दोन पावलं मागे घेतली.

"ये की इकडे," उर्बानो म्हणाला. "आता काय विड्याचं आमंत्रण द्यायचं तुला?"

तो आला. आमच्या मधोमध उभा राहिला आणि लाकडाला खांदा लावला. एका बाजूनं माझा खांदा त्याच्या खांद्याला भिडला, दुसऱ्या बाजूनं उर्बानोचा, आणि त्याचं अंग एकदम ताठ झालेलं मला जाणवलं.

"हळू," प्लासिदो म्हणाला. "सवय राहिली नाही."

आम्ही लाटेची वाट बघत तसेच उभे राहिलो. ती आली तेव्हा ढकललं.